डोळसांचा कारभार

कचेरीतला गोंधळ पाहिला की आपल्याकडे लोक पटकन म्हणतात, "सगळा आंधळा कारभार आहे." मीही म्हणायचो. गेल्या पावसाळ्यापासून म्हणत नाही. कारण आज ज्या कारभाराबद्दल लिहायला बसलो आहे, तो एकाही अंध माणसाने केलेला नाही. तो शंभर टक्के डोळसांनी केलेला आहे आणि त्या डोळसांत अस्मादिकांचाही नंबर लागतो.

तर झालं असं. आमच्या वाड्यावर एक मुलगा आहे. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नववीत असताना त्याची दृष्टी गेली. त्यानंतर तो बारावी झाला, मराठी घेऊन बी. ए. झाला. मोबाईल आणि लॅपटॉप तो माझ्यापेक्षा चौपट वेगाने वापरतो. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली. ती फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन ह्या अंध तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. बाजारातले स्क्रीन रीडर इतके महाग होते की सामान्य माणसाने त्यांचा विचारही करू नये. म्हणून ह्या दोघांनी स्वतःच केला.

एका संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. आमच्या कचेरीची नोकरभरतीची जाहिरात निघाली होती. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत आणि त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. त्या जाहिरातीत एक पद अंध उमेदवारासाठी होतं. त्याला हे मित्राकडून कळलं. त्याने संकेतस्थळ उघडलं, फाईल उतरवून घेतली आणि वाचायला लावली.

"काका, मुकें आसा तें," तो म्हणाला. "उलयनाच."

म्हणजे काय ते मला आधी कळेना. मग त्याने समजावलं. फाईल उघडते, पण स्क्रीन रीडर सांगतो की कागद रिकामा आहे. दोन पानं, दोन्ही कोरी.

मी माझ्या फोनवर ती फाईल उघडली. मला सगळं दिसत होतं. पदं, पात्रता, वयोमर्यादा, शेवटची तारीख. पान किंचित तिरकं आलं होतं आणि डाव्या कोपऱ्यात स्टेपलच्या पिनेची सावली होती. ती सावली मी ओळखली. ते स्कॅन माझंच होतं.

अंधांसाठी राखीव असलेल्या पदाची जाहिरात अंधांना वाचता येणार नाही अशा रीतीने मी स्वतःच्या हाताने चढवली होती. हा विनोद एखाद्या नाटकात घातला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, लेखकाने जरा अतीच केलं.

आता हे कसं घडतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की ह्यामागे काही मोठं तांत्रिक कारण असेल. तसं काही नसतं. सूचना मी संगणकावर टंकतो. त्या क्षणी ती पूर्णपणे वाचता येण्याजोगी असते. मग मी तिची प्रिंट काढतो. ती प्रिंट हेडक्लार्ककडून वर जाते, साहेबांची सही होते, शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद माझ्याकडे परत येतो. मी तो स्कॅनरवर उताणा घालतो, पीडीएफ करतो आणि संकेतस्थळावर चढवतो. म्हणजे संगणकातलं अक्षर कागदावर आणायचं, आणि मग त्या कागदाचा फोटो काढून तो पुन्हा संगणकात घालायचा. एवढा उपद्व्याप करून मी काय मिळवलं? अक्षराचं चित्र.

अक्षर आणि अक्षराचं चित्र ह्यांत फरक आहे. बांगड्याचा सुंदर फोटो काढला म्हणून त्याचं हुमण होत नाही. संगणकातलं अक्षर हा एक संकेत असतो. तो पडद्यावर उमटतो, आवाजात बोलतो, लहानाचा मोठा होतो, शोधला की सापडतो, दुसऱ्या भाषेत उलथतो. ब्रेल डिस्प्ले नावाचं यंत्र असतं, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके वर-खाली होऊन तेच अक्षर बोटांनी वाचता येतं. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशी माणसं त्यावर वाचतात. चित्राच्या बाबतीत ह्यातलं काहीच होत नाही. ते फक्त दिसतं, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे संपतं.

मी त्याला जाहिरात फोनवर वाचून दाखवली. पण प्रकरण तिथे संपलं नाही. अर्ज ऑनलाईन भरायचा होता. अर्जात रकाना आला की स्क्रीन रीडरने सांगायला हवं, "नाव", "वडिलांचं नाव", "जन्मतारीख". इथे तो नुसतं म्हणत होता, "लिहिण्याची जागा, रिकामी. लिहिण्याची जागा, रिकामी." रकान्यांची नावं शेजारी छापली होती, पण रकान्याला जोडलेली नव्हती. डोळ्याला ती शेजारी दिसतात म्हणून कळतं, यंत्राला शेजार कळत नाही. जन्मतारखेसाठी एक दिनदर्शिका उघडत होती, ती फक्त माऊसने चालायची. अंध माणूस माऊस वापरत नाही, तो कळफलकावर काम करतो. आणि हे सगळं पार केलं की शेवटी कॅप्चा. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, "आपण यंत्र नाही हे सिद्ध करा." जो माणूस चित्र पाहू शकत नाही त्याला आमचं संकेतस्थळ सरळ सांगत होतं की तू माणूस नाहीस.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. त्याचा आधार क्रमांक, त्याचा पासवर्ड, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी, सगळं त्याने मला सांगितलं आणि मी भरलं. आपण लहान मुलांनासुद्धा शिकवतो की ओटीपी कुणाला सांगू नये. सुशिक्षित, पदवीधर, सज्ञान माणसाला आपण तो शेजाऱ्याला सांगायला लावतो. कधी शेजाऱ्याला, कधी सायबर कॅफेवाल्याला, कधी बँकेत रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला.

अर्ज वेळेत गेला. का गेला? कारण त्याचा काका त्या कचेरीत होता. मंडळी, माझं भांडण नेमकं इथे आहे.

गोव्यात सगळं ओळखीवर चालतं. मामलेदार कचेरीत कुणी ओळखीचं आहे का, पंचायतीत कोण आहे, वीजखात्यात तुझा तो मावसभाऊ अजून आहे ना? सगळं ऑनलाईन झालं तेव्हा आपल्याला सांगितलं गेलं की आता ही ओळखीची भानगड संपली. घरी बसा, बटण दाबा, दाखला मिळवा. डोळसांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरंही झालं. पण ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी आपण जुनी ओळखीची पद्धत तशीच ठेवली आणि वरून तिच्यावर ऑनलाईनचं कुलूप घातलं. पूर्वी तो निदान कचेरीत जाऊन खिडकीशी उभा राहून विचारू शकत होता. आता खिडकीतला माणूस म्हणतो, "सगळं वेबसाईटवर आहे, तिथे बघ." बघ!

आणि प्रत्येकाच्या वाड्यावर यूडीसी राहतोच असं नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण सरकारी माणसाला कायदा दाखवला की तो ऐकतो. (निदान फाईल पुढे सरकवतो.) १९९५च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्याच कायद्याचं ४२वं कलम सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळेल ह्याची काळजी सरकारने घ्यायची आहे. २०१७ साली नियम आले. त्यांत स्पष्ट लिहिलं होतं की संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत, म्हणजे ज्यातलं अक्षर यंत्राला अक्षर म्हणून ओळखता येईल असे. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं तर २००९पासून आहेत, २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या खेपेला पन्नास हजार ते पाच लाख.

राजीव रतुडी ह्या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली सुगम्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की कायदा सक्तीचा आहे आणि नियम मात्र "असं केलं तर बरं" अशा थाटाचे आहेत, हे चालणार नाही. ज्यांच्याखाली जाता येणार नाही असे किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून ह्यांच्या खटल्याचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचं दाखवता येत नव्हतं. अंध वकील अमर जैन ह्यांचीही याचिका त्यासोबत होती. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. वीस निर्देश दिले. म्हणजे हा विषय आता दयेचा राहिलेला नाही. तो पूर्वीही नव्हता, पण आता तसं म्हणायची सोयही उरलेली नाही.

दया म्हटलं की मला आपली एक सवय आठवते. आपण कार्यक्रम फार छान करतो. २०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला. अपंग व्यक्ती मंचावर आल्या, शहराने त्यांना पाहिलं. चांगलंच झालं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण उत्सव काही दिवसांचा असतो आणि संकेतस्थळ वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. उत्सवात ज्याला शाल घातली तो दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दाखल्यासाठी अर्ज करणार आहे. त्याला शालीपेक्षा नाव जोडलेला रकाना जास्त उपयोगी.

हे सगळं मी कचेरीत बोललो तेव्हा जी उत्तरं मिळाली ती तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याही तोंडी ह्यातलं एखादं येईल.

पहिलं उत्तर: "अहो, असे किती लोक आमची वेबसाईट उघडतात?" २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांत दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक. गोव्यात सगळे मिळून तेहेतीस हजारांच्या घरात. पण आकडे सोडा. दाराला पायऱ्याच पायऱ्या ठेवायच्या आणि मग म्हणायचं की चाकाच्या खुर्चीवरून कुणी येतच नाही! येत नाहीत, कारण येता येत नाही. शिवाय हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. आमच्या कचेरीत चाळिशी ओलांडलेले सगळे फोन हात लांब करून वाचतात. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात छापलेली नक्षीदार अक्षरं वाचताना आम्ही सगळेच अल्पदृष्टी होतो. "लाल रंगातील रकाने भरणे अनिवार्य" ही सूचना ज्याला लाल-हिरवा भेद कळत नाही त्याला काय सांगते? आणि मोतीबिंदू कुणाला विचारून येत नाही.

दुसरं उत्तर: "खर्च फार येईल." ह्याला सिडनीचं उदाहरण देतो. २००० सालच्या ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मग्वायर ह्या अंध गृहस्थांनी १९९९ साली तक्रार केली. मागण्या साध्या होत्या: चित्रांना शब्दांत वर्णन द्या, खेळांच्या यादीपर्यंत जाता येऊ द्या, निकालांचे तक्ते वाचता येऊ द्यात. आयोजन समितीने सांगितलं की ह्याला प्रचंड वेळ आणि पैसा लागेल. जाणकारांनी साक्ष दिली की त्या मानाने किरकोळ काम आहे. ऑगस्ट २०००मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगाने मग्वायर ह्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि पुढे समितीला वीस हजार डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली. माझ्या जाहिरातीच्या बाबतीत तर खर्चाचा हिशोब उलटाच आहे. प्रिंट काढा, स्कॅन करा, चढवा, ह्यात कागद, शाई आणि माझी वीस मिनिटं जातात. टंकलेल्या फाईलचीच पीडीएफ केली तर वीस सेकंद. चुकीचं काम करायला आम्ही जास्त खर्च करतो आहोत.

तिसरं उत्तर, जे आमच्या हेडक्लार्कने दिलं आणि जे खरं म्हणजे सगळ्यांत वजनदार आहे: "पण सही? सहीशिक्क्याशिवाय कागदाला काय अर्थ?" मला हे मान्य आहे. सरकारी कागदाचा जीव सहीत असतो. पण २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि डिजिटल सहीला मान्यता देऊन पाव शतक झालं. आणि तेही नको असेल तर स्कॅन ठेवा, त्याच्याखाली मजकुराची फाईलही ठेवा. सही पाहायची त्याने सही पाहावी, वाचायचं त्याने वाचावं. एका ओळीची जागा लागेल.

चौथं उत्तर थोड्या शहाण्या लोकांचं: "आमच्या साईटवर ते चाकाच्या खुर्चीचं चिन्ह आहे, दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग बदलतात." ते चिन्ह मी पाहिलं आहे. ज्याला स्क्रीन रीडर हवा असतो तो स्वतःचा घेऊन येतो आणि अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्येच असते. आत रकान्याला नाव नाही, चित्राला वर्णन नाही, मथळे मथळे म्हणून नोंदलेले नाहीत, आणि दारात चिन्ह लावलं आहे. पायऱ्या तशाच ठेवून वर "रॅम्प" अशी पाटी लावण्यापैकी हा प्रकार.

पाचवं उत्तर आजकालचं: "आता एआय आहे ना, फोन चित्रसुद्धा वाचतो." वाचतो, खरं आहे. देवनागरी स्कॅन ओळखणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे. पण तक्ता आला की ओळी सरमिसळ होतात, पुसट झेरॉक्समधल्या ३चा ८ होतो, आणि शेवटच्या तारखेत ३चा ८ झाला तर अर्ज कुणाचा बुडतो? फोनचा नव्हे. माझ्याकडे मूळ मजकूर स्वच्छ असताना मी तो मळवून द्यायचा आणि समोरच्याने तो यंत्राने धुऊन घ्यायचा, ही कुठली रीत?

इथवर सरकारला बोललो. आता जरा आपल्या घरात डोकावू.

आम्ही गोव्यातले मराठीवाले भाषेसाठी भांडत आलो आहोत. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामांसाठी वापर करता येईल अशी तरतूद राहिली. तेवढ्यावर आमचं समाधान नाही आणि ते मी इथे अनेकदा लिहिलं आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण पेढे वाटणारे आपण मराठी जालावर चढवतो कशी? कवितेमागे गुलाबाचं फूल, फुलावर कविता, आणि सगळ्याचं मिळून एक चित्र. संमेलनाची निमंत्रणपत्रिका, चित्र. स्मरणिका चढवली, तर ती यूनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली. यूनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे! त्या जुन्या फाँटची गंमत अशी की डोळ्याला अस्सल मराठी दिसते आणि आत असते इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं ह्यांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडी इमानेइतबारे वाचतो. माझ्या त्या शेजाऱ्याने एका वाङ्मयीन अंकाचं संपादकीय मला ऐकवलं. मराठीच्या अस्मितेवरचा लेख होता. कानाला मात्र कुणीतरी टंकलेखन यंत्रावर मूठ आपटल्यासारखं येत होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक पानाच्या पोटात ते पान कोणत्या भाषेत आहे हे एका शब्दात नोंदवायचं असतं. डब्ल्यूसीएजी म्हणून जे जागतिक निकष आहेत (पहिली आवृत्ती १९९९ची, सध्याची २.२ ही २०२३ची), त्यांत ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो. आपली कितीतरी मराठी पानं आतून "इंग्रजी" म्हणून नोंदलेली असतात, कारण साचा तयार आणला आणि ती ओळ कुणी बदललीच नाही. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि अडखळतो किंवा गप्प बसतो. राजभाषेसाठी उपोषणाला बसायची तयारी असलेल्या माणसाने आधी आपल्या पानावरची ही एक ओळ बदलावी. आणि हो, कोकणीवाल्या मित्रांनो, हसू नका. तुमचीही पानं तपासा. चित्र केलं की कोकणी आणि मराठी सारख्याच रिकाम्या होतात. इतकी एकी आपली दुसरीकडे कुठेच नाही.

मला विचाराल तर भाषेचा अधिकार म्हणजे शेवटी वाचणाऱ्याचा अधिकार. भाषेला दर्जा मिळाला आणि तिच्या वाचकाला ती मिळाली नाही, तर तो दर्जा दिवाणखान्यात टांगायचा. माझ्या शेजाऱ्याने मराठीत पदवी घेतली आहे. अंक विकत घ्यायची त्याची तयारी आहे. आपण रोज रडतो की मराठीला तरुण वाचक उरला नाही. हा एक दारात उभा आहे आणि आपण त्याला फुलाचं चित्र दाखवतो आहोत.

असो. करायचं काय, तर फार काही नाही. लिहिलेलं यूनिकोडमध्ये मजकूर म्हणून ठेवा. चित्र घालायचंच असेल तर त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. नाहीतर स्क्रीन रीडर फाईलचं नाव वाचतो, आणि ते ऐकून आजवर कुणाला रसोत्पत्ती झालेली नाही. मथळा ठळक करून थांबू नका, तो मथळा म्हणून नोंदवा, म्हणजे वाचणाऱ्याला एका कळीने मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते. "इथे क्लिक करा" असे दहा दुवे देऊ नका. दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला दहादा तेच ऐकू येतं. भाषणाची चित्रफीत चढवलीत तर खाली शब्द द्या, ज्याला ऐकू येत नाही तोही आपलाच श्रोता आहे. आणि एकदा, फक्त एकदा, माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने आपलं संकेतस्थळ चालवून पाहा. मी आमचं चालवून पाहिलं. चौथ्या मिनिटाला मी हरवलो होतो.

कचेरीत मी आता सूचनेच्या स्कॅनखाली मजकुराची फाईलही ठेवतो. साहेबांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" मी कायद्याचं कलम आणि निकालाची तारीख लिहून नोटिंग केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ठेव. पण स्कॅन काढू नकोस हां." नाही काढत. अर्जातल्या रकान्यांचं आणि कॅप्चाचं पत्र संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांकडे गेलं आहे. दर पंधरवड्याला मी स्मरणपत्र पाठवतो. स्मरणपत्र पाठवण्यात कारकुनाचा हात कुणी धरू शकणार नाही. तुम्हीही एक पत्र लिहा. ज्या कचेरीचा, बँकेचा, शाळेचा कागद रिकामा निघेल तिला लिहा. आपल्याला दिसत असलं तरी लिहा.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा फोन आला. आमची नवी सूचना त्याने स्वतः उघडली होती, स्वतः वाचली होती. मी खूश होऊन काही बोलणार, इतक्यात तो म्हणाला, "काका, तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही 'अर्जदार'च्या जागी 'अजर्दार' टंकलंय. कानाला खटकलं म्हणून अक्षर अक्षर करून ऐकलं."

ती सूचना हेडक्लार्कने पाहिली होती. साहेबांनी पाहिली होती. मी तर लिहिलीच होती. इतक्या वर्षांत आमच्या कचेरीच्या सूचनेतली चूक दाखवणारा तो पहिला वाचक निघाला. मी ती दुरुस्त केली.